तुलोचं पान

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या सशाला सरस्वतीच्या पोटातला पेंढा खायला घातला. त्यानं तो खाल्ला नाही, हा त्याचा समजूतदारपणा. त्याचं श्रेय मला नको.

झालं होतं असं, की आमची रेवा शिकायला पुण्याला गेली आणि तिचा ससा कोलकात्याला, डमडमच्या आमच्या घरी राहिला. पांढराशुभ्र, म्हणून त्याचं नाव तुलो. बंगालीत तुलो म्हणजे कापूस. रेवा होती तोवर तुलो तिच्या खोलीत राही, खाई, वाढे. आम्ही दोघं फक्त दारातून कौतुक करायचो. ती गेली आणि थोड्याच दिवसांत तुलोनं सुकं गवत खाणं सोडलं. बाकी सगळं खायचा. कोथिंबीर, गाजर, मटारची सालं, फ्लॉवरचा पाला, एकदा माझ्या चपलेचा अंगठा. फक्त गवत नाही. मला वाटलं, पिशवीतलं गवत शिळं झालं असेल, ताजं आणावं. रेवा फोनवर म्हणाली, "बाबा, कुरियरनं मागव. मी लिंक पाठवते." मला हसू आलं. गवत काय पाकिटातून मागवतात? मी या शहरात जन्मलो, इथेच केस पांढरे केले. सुक्या गवताचे ढीग इथे कुठे असतात ते मला विचारा.

शनिवारी मेट्रोनं शोभाबाजारला उतरलो आणि कुमारटुलीत शिरलो. दुर्गा आणि काली गंगेत जाऊन बरेच दिवस झाले होते. आता मूर्तिकारांच्या गल्लीत सरस्वतीची तयारी चालली होती. दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्यांवर सुतळीनं आवळलेल्या पेंढ्याच्या देवी उभ्या. डोकं नाही, माती नाही, पण हात मात्र वीणा धरायच्या बेतात. एका दुकानात मला हवं ते भाऱ्यांनी रचून ठेवलेलं दिसलं. सोनेरी, खमंग वासाचं. दुकानदारानं विचारलं, "कितने फुट का ठाकुर, दादा?"

ठाकुर म्हणजे मूर्ती. मी दोन हातांनी तुलोची लांबी दाखवली.

"इतने छोटे में खड नहीं भरते. मिट्टी से ही हो जाएगा."

मूर्तीत भरायला नको, खायला हवंय, हे अब्रू राखून सांगणं मला बंगालीत जमेना, हिंदीत जमेना. शेवटी मी मूर्तीच मोठी केली आणि अख्खा भारा घेतला. तो काही मेट्रोत घेईनात. पिवळ्या टॅक्सीच्या टपावर बांधून आणला. एका सिग्नलला शेजारच्या बसच्या कंडक्टरनं त्याला नमस्कार केला. आमच्या इमारतीच्या वॉचमननं विचारलं, यंदा पूजा तुमच्याकडे का? मी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे माझं मलाच ठाऊक नाही.

माझी बायको अनघा साताऱ्याकडची. तिच्या माहेरी गुरं होती. तिनं भाऱ्यातली एक काडी उपसली, नखानं चिरली, वास घेतला.

"हा पेंढा आहे."

"गवतच की ते. सुकलेलं."

"भात काढून घेतल्यावर उरतो तो पेंढा. यात ना चव, ना रस. आमच्याकडे म्हशीसुद्धा दुसरं काही नसलं तरच तोंड लावायच्या याला." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि हा तर देवीच्या पोटातला."

तुलो आला. त्यानं हुंगलं. मग पाठ फिरवली. सशानं पाठ फिरवलेली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो नुसता वळत नाही. आधी मागचा पाय जमिनीवर आपटतो, ठप्प, मग सावकाश वळतो, आणि मग आपल्याला फक्त एक गोल शेपूट दिसत राहते. नाराजी दाखवण्याच्या जेवढ्या रीती मी घरात अनुभवल्या आहेत, त्यांत इतकी नेटकी दुसरी नाही.

भारा बाल्कनीत गेला.

हे सगळं आज आठवायचं कारण, यंदा पुन्हा ते दिवस आलेत. परवा बाजारात मटारच्या शेंगांचा पहिला ढीग दिसला आणि मी नकळत थांबून सालांकडे बघत राहिलो. भाजीवाला म्हणाला, शेंगा बघा दादा, सालं काय बघता. कोलकात्याचा हिवाळा म्हणजे पाहुण्यासारखा. येतो म्हणून महिनाभर सांगतो, येतो तो चार दिवसांची बॅग घेऊन. पण लोक त्याची तयारी अशी करतात, की जणू हिमालय घरी राहायला येतोय. डांबराच्या गोळ्यांच्या वासाच्या शाली बाहेर निघतात, गच्च्यांवर रजया उन्हात पडतात, आणि पंखा बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत कानटोप्या दिसू लागतात. मीही घालतो. अनघा म्हणते, साताऱ्याची थंडी बघितली असती तर तुम्ही जन्मालाच आला नसता.

पण भाज्या. त्या दिवसांतल्या भाज्यांचं मी काय वर्णन करू? लहानशा बाळाच्या डोक्याएवढे फ्लॉवर, मातीचा वास न गेलेला पालक, कोवळे बीट, आणि टोपल्यांत रचलेली दार्जिलिंगची संत्री, जी सोलली की लिफ्टमध्येसुद्धा कळतं. मग एका सकाळी मिठाईच्या दुकानावरून जाताना खजुराच्या नव्या गुळाचा धुरकट वास येतो आणि माणूस कचेरीला जायचं विसरतो. सगळं शहर या दिवसांत खात असतं. फुटपाथवर, गच्चीवर, ट्राममध्ये. अशा मोसमात, अशा शहरात, आमच्या घरात एक जीव असा होता, ज्यानं जे खायला हवं तेच खायचं नाही असं ठरवलं होतं.

तसं पाहिलं तर मला त्याच्याविषयी आतून सहानुभूती होती. मी लहानपणी शेपू खात नसे. आमची आई दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तोच शेपू पुढे ठेवी. वडील कचेरीतून येऊन विचारत, "खाल्ला का?" जणू काही परीक्षेचा निकालच. शेजारची बंगाली मुलं दुपारी माशाचे काटे बोटांनी उलगडत बसायची आणि मी शेपूसमोर. शेवटी मी खाल्ला की नाही, तेसुद्धा मला आता आठवत नाही. आईचं ते समोर बसून राहणं तेवढं आठवतं. पदरानं माशा वारत. आपल्या लोकांत प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या पानाकडे लक्ष ठेवणं. बाकी सगळं नंतर.

अनघाचं लक्ष तेव्हा दोन पानांकडे होतं. एक इथलं, एक पुण्यातलं. रोज संध्याकाळी रेवाचा फोन येई आणि अनघाचा पहिला प्रश्न असे, "जेवलीस का नीट?" रेवा म्हणे, "हो गं. तुलो जेवला का?" अनघा म्हणे, "हो." मी पलीकडे पेपर उघडून बसलेला असे. त्या दोन 'हो'मध्ये खरं किती होतं ते मला दिसत होतं, पण दोघींना तसं सांगायला लागतं ते धैर्य माझ्यात कधीच नव्हतं. रेवाचा चेहरा व्हिडिओवर बारीक दिसायचा. ती म्हणायची, कॅमेरा तसा आहे.

तुलो मात्र कॅमेऱ्याशिवायच बारीक दिसायला लागला. चावताना मान वाकडी करू लागला. एकदा गाजराचा तुकडा तोंडातून खाली पडला आणि तो त्याच्याकडे बघत बसला. त्या दिवशी आम्ही त्याला टोपलीत घालून बेहालाला नेलं. सशांचं कळणारी एक डॉक्टरीण तिथे बसते, असं कोणीतरी सांगितलं होतं. डमडमहून बेहाला म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मांडीवर टोपली, टोपलीवर अनघाची शाल.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं तुलोला टॉवेलात गुंडाळलं, त्याच्या तोंडात लहानसा दिवा घातला आणि एकेक दाढ पाहिली. मग म्हणाली, "दादा, सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चघळून चघळून झिजतात. हा कोबी खातो, मटार खातो. त्यानं पोट भरतं, दात झिजत नाहीत. मागच्या दाढेला टोक येतंय. पौष लागेपर्यंत गवतावर आला तर निभावेल. नाहीतर भूल देऊन घासावे लागतील."

"मग घासा," मी म्हणालो.

"सशाला भूल द्यायला मला आवडत नाही. सगळेच त्यातून उठतात असं नाही."

अनघानं टोपलीवरची शाल उगाच सारखी केली. रेवा पौषातच येणार होती, परीक्षा संपवून.

मग डॉक्टरीणबाईंनी सूचना दिल्या. भाज्या कमी करा. गवत थोडं थोडं द्या, सारखं बदला. कोथिंबीर, पुदिना मिसळा, वासानं येईल. त्याच्या सोबत कोणीतरी बसा, सशांना एकटं खायला आवडत नाही. आणि शेवटी, हात धुता धुता, अनघाकडे वळून, "आणि बौदी, गवत त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्येच ठेवा. ससा बसतो तिथेच चघळतो. त्याचं एकीकडून आत आणि एकीकडून बाहेर, दोन्ही बरोबर चालतं."

अनघाला वाटलं, आपलं बंगाली कच्चं आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. या वेळी नक्की उभी.

परतताना टॅक्सी शहराच्या मधोमध पसरलेल्या मैदानावरून आली. धुकं उतरलं होतं आणि त्यात घोडे चरत होते. एकाच जागी उभं राहून ते पुढून खात होते आणि मागून जे करायचं तेही करत होते. आम्ही दोघांनी ते पाहिलं. मग अनघा म्हणाली, "बाकी सगळं करू आपण. पण ते शेवटचं नाही."

"डॉक्टर म्हणाल्या म्हणून..."

"जेवायचं पान आणि मोरी एका जागी? माझ्या घरात नाही. चहाचा कपसुद्धा बाथरूमच्या उंबऱ्यापलीकडे जात नाही माझ्या घरात." हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. मी घोड्यांकडे बघत होतो.

इथे एक सांगायला हवं. रेवा गेली त्या आठवड्यात अनघानं तिची खोली आवरली होती. मुलगी घराबाहेर गेली की आया एकतर रडतात नाहीतर खोली आवरतात, आणि अनघा गणिताची शिक्षिका, तिला रडण्यापेक्षा आवरणं जास्त जमतं. रेवा असताना त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. पुस्तकं, कपडे, ट्रे, गवत, सगळं एकात एक. अनघानं तुलोसाठी रीतसर घर मांडलं. ट्रे बाल्कनीच्या दारापाशी, कोपऱ्यात, जुन्या वर्तमानपत्रांवर. आणि खोलीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, उन्हात, त्याची जेवणाची जागा. त्याखाली चटई. पहिल्या दिवशी तर तिनं चटईभोवती रांगोळीची एक रेघसुद्धा काढली होती. तुलोनं ती चाटून पुसली आणि आम्हाला वाटलं, किती गुणी.

तर त्या चटईवर आमचा पौषापर्यंतचा लढा सुरू झाला.

अनघानं पान वाढलं. वाढलं असंच म्हणायला हवं. स्टीलच्या ताटलीत मधोमध कुरियरनं आलेलं खरं गवत, हिरवट, चहाच्या पानासारख्या वासाचं. डावीकडे चिमूटभर कोथिंबीर, जणू चटणी. उजवीकडे पुदिन्याची दोन पानं. तुलो आला, त्यानं डावी बाजू संपवली, उजवी बाजू संपवली आणि मधला भात तसाच ठेवून उठला. आमच्या लग्नात माझ्या एका काकांनी अगदी असंच केलं होतं.

मग कोथिंबीर गवतात लपवली. तो एकेक पान निवडून काढी, तांदळातले खडे निवडावेत तसं. मग गवताचा वेणीसारखा गोफ केला. तो घेऊन तो खोलीभर पळाला आणि पलंगाखाली टाकून आला. संत्र्याच्या सालांचा वास लावला. तिळाच्या तेलाचे एक-दोन थेंब लावून पाहिले, त्यावर मात्र डॉक्टरीण फोनवर रागावली.

आणि सोबत. सोबतीचं काम माझ्याकडे आलं, कारण अनघाला शाळा होती आणि माझी बरीचशी रजा शिल्लक होती. विमा कचेरीतच इतका आराम असतो, की रजा कोणी मागत नाही. सोबत म्हणजे काय, तर त्याच्यासमोर बसून खायचं. मी पोळीभाजीचं ताट घेऊन चटईशेजारी बसलो. तो माझ्या भाजीकडे बघे. मला वाटलं, हा अन्याय आहे, त्याला गवत सांगून आपण बटाटा खायचा. म्हणून एका दुपारी मी दार लोटून घेतलं, कानटोपी घातलेली होती, पोटावर आडवा झालो, त्याच्या नाकाच्या पातळीवर नाक आणलं, आणि गवताची एक काडी तोंडात धरून चघळू लागलो. चव वाईट नव्हती. जरा शिळ्या गवती चहासारखी. तुलो बघत राहिला. मी दुसरी काडी घेतली. त्याचं नाक हलू लागलं. आशा वाटावी असा तो क्षण होता, आणि नेमकं तेव्हाच दार उघडून वरच्या मजल्यावरचे दत्तबाबू आत आले.

दत्तबाबू निवृत्त आहेत आणि इमारतीतल्या सर्वांच्या पोटाची काळजी वाहतात. ते उंबऱ्यात थांबले. कानटोपीतला मी, माझ्या तोंडातली काडी आणि समोरचा ससा, या तिघांकडे त्यांनी नीट पाहिलं. मग अगदी हळुवार आवाजात विचारलं, "साठेबाबू, अंबल?"

म्हणजे पित्त झालंय का. मी म्हणालो, मला नाही, सशाला. संध्याकाळपर्यंत ही बातमी चारही मजल्यांवर गेली. मग जो तो उपाय घेऊन येऊ लागला. कोणी ओव्याचं पाणी सांगितलं, कोणी होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, त्याला मुलीची आठवण येतेय, तिचा एखादा जुना कुर्ता ठेवा जवळ. अनघानं रेवाचा निळा कुर्ता काढला. तुलोनं तो अंथरल्यासारखा अंगाखाली घेतला, झोपला, आणि उठून त्याचं एक बटण खाल्लं. पण त्या दिवशी कपाटाशी उभ्या असलेल्या अनघानं कुर्ता देण्याआधी तो नाकाशी धरलेला मी पाहिला. तिला कळलं मी पाहिलं ते. म्हणाली, "डांबराच्या गोळीचा वास गेला का बघत होते."

दिवस जात होते. गल्लीत मुलं दोरीवर दिवे टांगून बॅडमिंटन खेळायला लागली होती. संक्रांतीला अजून वेळ होता, पण नवा गूळ आला म्हणून अनघा तीळ निवडायला बसली. आमच्याकडे तिळगूळ नव्या खजुराच्या गुळाचा होतो, कारण चिक्कीचा गूळ इथे मिळत नाही. तो वड्यांसारखा कधी पडत नाही, चमच्यानं द्यावा लागतो; गोड मात्र असा, की न बोलणारेसुद्धा बोलायला लागतात. दरवर्षी रेवा कढई चाटते. ती कढई घासायला टाकताना अनघा मला म्हणाली, "येईल तेव्हा पुन्हा करीन." मग जरा वेळानं, पाठमोरीच, "येईल तेव्हा याला भूल दिलेली असेल, तर काय सांगायचं तिला?"

मी म्हणालो, "खाईल गं."

"रोज तुम्ही हेच म्हणता."

तो रविवार होता. धुक्याची सकाळ. खालून मिठाईवाल्याची भट्टी पेटल्याचा वास येत होता. रविवारी मी पेपर घेऊन बाथरूममध्ये जातो तो पुरवण्या संपेपर्यंत बाहेर येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, अनघानं सांगितलेलं सांगतो. ट्रेखालची वर्तमानपत्रं ओली होऊन चिकटायची, त्याला ती वैतागली होती. तिची नजर बाल्कनीतल्या भाऱ्यावर गेली. माहेरी गोठ्यात पेंढाच अंथरायचे. तिनं दोन मुठी पेंढा ट्रेमध्ये पसरला. म्हणाली, निदान याचा काही उपयोग होऊ दे. मग चटईवरची ताटली उचलली. त्यात आदल्या दिवशीचं, तुलोनं निवडून पाठीमागे टाकलेलं गवत होतं. तिला राग आला. सशाचा आला की डॉक्टरणीचा, की पुण्यातल्या मेसचा, ते तिलाही सांगता येत नाही. तिनं ती ताटली त्या ट्रेमध्ये उपडी केली. टाकायचंच ते, कचऱ्यात काय आणि इथे काय.

तुलो ट्रेमध्ये गेला. बसला. जसा माणूस सकाळी निवांत बसतो तसा.

मला आत आवाज आला, "अहो." हळू. मग पुन्हा, त्याहून हळू, "अहो, बाहेर या. पण आवाज करू नका."

तीस वर्षांच्या संसारात ती अशा स्वरात दोनदाच बोलली आहे. हातातलं सगळं तिथेच ठेवून मी बाहेर आलो. अनघा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात रिकामी ताटली. तिनं बोटानं कानाकडे दाखवलं.

करकर. करकर. करकर.

इतका लहान आवाज. कोणी नव्या कोऱ्या साडीची घडी उलगडावी तसा. तुलो पेंढ्याच्या गादीवर फुगून बसला होता आणि त्याच्या तोंडातून गवताची लांब काडी, टोकापासून, सुतासुतानं आत जात होती. एक संपली की तो खाली न बघता दुसरी उचले. डोळे अर्धे मिटलेले. आणि मागच्या बाजूला, डॉक्टरीण म्हणाली होती तसं, दुसरं खातंही व्यवस्थित चालू होतं.

आम्ही दोघं जमिनीवर बसलो. फरशी थंड होती. किती वेळ बसलो कोणास ठाऊक. खालचा मिठाईवाला भट्टी विझवून दुकानात गेलेला असणार, कारण वास बदलला. अनघाच्या गालावरून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मी तिला म्हणालो, "आपण पेढे वाटूया." ती म्हणाली, "गप्प बसा, खातोय तो."

दत्तबाबू दुपारी आले. त्यांनी ट्रेच्या जवळ उकिडवं बसून ते दृश्य पाहिलं, नाकाला रुमाल लावून, पण पूर्ण पाहिलं. आणि म्हणाले, "बघा साठेबाबू, पोट साफ होत असलं की भूक लागतेच. मी हेच सांगत होतो." त्यांना तो विजय आम्ही देऊन टाकला. त्या दिवशी आम्ही कोणालाही काहीही दिलं असतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दिवा घालून दाढा पाहिल्या आणि म्हणाल्या, टोक झिजतंय, भूल नको. त्यांनी विचारलं, "काय केलंत, बौदी?" अनघा म्हणाली, "तुम्ही सांगितलं तेच." आणि ते कधी केलं, हे तिनं सांगितलं नाही.

पण त्या रविवारची संध्याकाळ सांगायची राहिली. रेवाचा फोन आला. अनघानं पहिल्यांदाच आपला प्रश्न विचारला नाही. तिनं सरळ फोन ट्रेजवळ धरला. करकर करकर. पलीकडून रेवाचं हसू.

"आई, ट्रेमध्येच खातो ना तो. माझ्याकडे नेहमी ट्रेमध्येच खायचा."

"मग सांगायचं नाही?"

"मला वाटलं तू माझी खोली होती तशी ठेवली असशील."

"तशी कशी ठेवणार? आत जाववत नव्हतं मला. म्हणून आवरली."

मी पेपर वर धरला. त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं, पण धरला.

"आई," रेवा म्हणाली, "खरं सांगू? मी मेसमध्ये जेवत नाही. त्या ट्यूबलाइटखाली, सगळ्यांसमोर बसून, घशाखाली उतरत नाही. पहिले दोन महिने तशीच उठायचे. आता डबा खोलीवर आणते. पलंगावर, पांघरुणात, पुस्तक उघडून. तसं जातं सगळं. दोन पोळ्या जातात. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही."

आमच्या घरात पलंगावर बसून खाण्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. मी वाट पाहत होतो.

"दोन?" अनघानं विचारलं.

"कधीकधी तीन."

"पांघरुणावर सांडत नाहीस ना?"

"नाही."

"मग जेव," अनघा म्हणाली. "पुस्तक तेवढं खरकटं करू नकोस."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तुलोच्या आवाजाकडे कान देऊन बसली. मग उठली, खिडकीखालची चटई गुंडाळली, ताटली उचलली आणि स्वयंपाकघराकडे वळली. दारात थांबून, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "आणि तुमचा सकाळचा चहाचा कप अजून बाथरूमच्या खिडकीत आहे, तो आणून टाका. उद्यापासून टॉवेलखाली लपवून नेऊ नका. इतकी वर्षं बघतेय, सांडतो."